लेबल शाबूत

शिंपीणबाईंच्या घरातून बाहेर पडून दोघं कालव्याकडेच्या रस्त्याला लागले, तेव्हा भाऊजींनी पिशवी उजव्या खांद्यावरून डाव्या खांद्यावर घेतली. सकाळपासून किती वेळा घेतली ते वहिनींनी मोजायचं सोडून दिलं होतं. पिशवीत झाकणाचा प्लेअर होता, झाकण उघडलं की आत पंजाएवढा पडदा दिसायचा. त्याची वायर होती, एक मऊ फडकं होतं आणि एक लांबोडकी वही होती. वहिनी म्हणाल्या, द्या इकडे थोडा वेळ. भाऊजी म्हणाले, नको, तुमचा खांदा आधीच कुरकुरतो.

बघणाऱ्याला वाटलं असतं, साठी उलटलेले दीर-भावजय कुणाकडे पाहुणचाराला निघालेत. ते निघाले होते निरोप द्यायला. निरोप असा की, तुमच्या घरात आम्ही करून दिलेली जी सीडी आहे, ती बहुतेक मेलेली आहे. एकदा लावून बघू का?

असा निरोप फोनवर द्यायचा नसतो, हे भाऊजींचं म्हणणं. माणूस गेल्याचं सांगायला माणूसच जातो, मग इथे तर एकेका सीडीत चार-चार गेलेली माणसं होती.

महिन्यापूर्वी एक मुलगी त्यांच्याकडे आली होती. तिच्या आजीच्या वाढदिवसाची सीडी कुठल्याच यंत्रावर लागत नव्हती. भाऊजींनी ती नेहमीसारखी पुसली, मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल पुसायची नाही, हे त्यांनी अख्ख्या वस्तीला शिकवलेलं. मग खिडकीशी जाऊन उजेडासमोर धरली, तर सीडीची चाळण झालेली. लेबलाखालची चांदी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी सुटून आली होती. लेबल मात्र जागच्या जागी. त्यावर वहिनींचं वळणदार अक्षर, लाल शाईत, एक काना इकडचा तिकडे झालेला नाही.

त्याच दुपारी त्यांनी स्वतःचं कपाट उघडलं. नमुन्यादाखल ठेवलेल्या एकोणीस सीडी होत्या. एकोणीसच्या एकोणीस गेल्या होत्या. तेव्हापासून ते वही घेऊन दारोदार फिरत होते. वहीत दोनशे चौदा नंबर. काही लोक घर सोडून गेले, काही जग सोडून गेले. राहिलेल्यांपैकी कालव्यापलीकडची घरं आजची. वहिनींना हे सगळं गेल्या आठवड्यात कळलं, तेही शेजारणीकडून. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाल्या, लेबलं मी लिहिलीत, मीपण येणार.

एक नंबरचं घर वहीत होतं. ते आपलंच आहे हे वहिनींना ठाऊक होतं. भाऊजींनी त्याचा विषय काढला नव्हता, त्यांनीही काढला नाही. प्रत्येक दारापुढे त्या मनातल्या मनात देवाचं नाव घेत आणि कडी वाजवत. नाव घ्यायचं त्या घरासाठी आणि थोडं, खोटं कशाला बोला, एक नंबरसाठीसुद्धा.

हे भाऊजी म्हणजे काय प्रकरण होतं, ते सांगितल्याशिवाय या पायपिटीचा अर्थ कळायचा नाही.

शाळेत त्यांचं डोकं चालत नव्हतं, हात चालत होते. सोळाव्या वर्षी ते रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले. त्या मालकाने कुठूनसं एक यंत्र आणलं, ज्यात जेवणाच्या ताटाएवढी डिस्क बसायची. दोन्ही बाजूंनी चंदेरी, हातात घेतली तर आपलं तोंड दिसावं, आणि जरा कलती केली की तोंड जाऊन सात रंग. सिनेमा अर्धा झाला की उठून ती उलटी करायची. मालक ती कुणाला हात लावू देत नसे. भाऊजींना देत असे, पण आधी साबणाने हात धुऊन, पुसून, दोन तळव्यांत कडेने धरायची. भाऊजी म्हणायचे, लोकांच्या तरुणपणात कुणाचा तरी हात हातात आलेला असतो, माझ्या हातात ती आली. त्यांनी लग्न केलं नाही. वहिनींनी तीन मुली सुचवल्या होत्या. तिसऱ्या वेळी मोठे भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, हसून म्हणाले होते, "सोड गं. याला बायको आणलीस तर हा तिलाही कडेने धरेल."

मग छोट्या सीडी आल्या आणि भाऊजींनी स्वतःची लायब्ररी काढली. मोठे भाऊ सुतार. त्यांनी हातातली दोन कामं बाजूला सारून भिंतभर फळ्या ठोकून दिल्या, प्रत्येक सीडी उभी राहील अशा खाचांच्या. एक सिनेमा दोन सीडींत यायचा, लांबलचक असला तर तीन. पहिली संपली की कुणीतरी उठायचं, दुसरी लावायचं, तेवढ्यात कुणी पाणी पिऊन घ्यायचं, कुणी काय झालं ते झोपून उठलेल्याला सांगायचं. एका सिनेमाच्या सीडीवर असा ओरखडा होता की गाणं एका जागी तीनदा अडकायचं. ती सीडी इतक्या घरांतून फिरली, की वस्तीतली पोरं ते गाणं अडकवूनच म्हणायची. भाऊजींनी नवी सीडी आणली तर लोकांनी तक्रार केली, काका, यात ते मधलं नाही.

अशा वेळी ते दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसायचे आणि वहिनींना वाटायचं, या माणसाला देवाने मनासारखं दिलं.

लोकांच्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायचं काम नंतर सुरू झालं. लग्नं, वाढदिवस, निरोप समारंभ. बाकीचे लोक सीडीवर पेनाने काहीतरी खरडून देत. भाऊजींना ते बघवत नसे. कुणाची आई आहे आत, आणि वर नुसतं 'आई १' असं गिचमिड? त्यांनी जाड कागदाची गोल लेबलं कापली. वहिनींना शाळेत हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेलं. संध्याकाळी स्वयंपाक उरकला की ओट्याशेजारच्या टेबलावर दोघं बसत. त्या लिहीत, भाऊजी चिकटवत. साध्या गोंदाने लेबल महिन्याभरात कडेने उचकटायचं, म्हणून त्यांनी डोकं लढवून चपलेच्या सोलला लावतात ते सोल्युशन आणलं. त्याचा वास स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवसापर्यंत राहायचा. मोठे भाऊ नाक धरून म्हणायचे, "सीडी विकतोस का पायताणं?" पण लेबल असं बसायचं, की नखाने काढू म्हटलं तर नख तुटेल. भाऊजी गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, जन्मात निघायचं नाही.

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. कॅसेट आता घरात ठेवू नका, बुरशी धरते. सीडी शंभर वर्षं टिकते. लोक म्हणत, मग तुम्हीच घेऊन टाका ती. ते घेत, आणि चांगल्या असतील त्या कॅसेटी पुसून पुन्हा वापरत.

सकाळचं पहिलं घर निवृत्त हेडमास्तरांचं होतं. शाळेने त्यांना निरोप दिला त्याची सीडी. प्लेअरने ती तीनदा फिरवली, घरघर केली आणि पडद्यावर डिस्क नाही अशी पाटी दाखवली. हेडमास्तर खो खो हसले. "बरं झालं हो. त्यात मी पंचेचाळीस मिनिटं बोललो होतो. अर्धा वर्ग झोपला होता, तेही दिसायचं त्यात." चहा पाजला, दारापर्यंत सोडायला आले. भाऊजी रस्त्यावर आल्यावर म्हणाले, चिडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या घरी सूनबाईला सीडी कुठे आहे ते आठवेचना. मग तिने गच्चीकडे बोट दाखवलं. सीडी दोरीला बांधून लटकवली होती, वाऱ्यावर गरगर फिरत होती, पारवे येऊ नयेत म्हणून. मस्त चमकते काका, तिने सांगितलं. आत तिच्या सासऱ्यांचं लग्न होतं. सासरे आतल्या खोलीत झोपले होते. त्यांना उठवू का असं तिने विचारलं, तर भाऊजींनीच नको म्हटलं.

इथपर्यंत भाऊजींच्या मनात एक आशा होती, आणि ती त्यांनी वहिनींना वाटेत बोलूनही दाखवली होती. त्या वेळचा मालच हलका आला असेल. किंवा दमट हवा. तसं असेल तर त्याला कोण काय करणार.

मग शिंपीणबाई. त्यांची सीडी त्यांनी घाईने नेली होती, लेबल वाळायच्या आधी, किंबहुना लावायच्याही आधी. उद्या येते लेबल लावून घ्यायला म्हणाल्या त्या आल्याच नाहीत. घर असं दमट की भिंतीचे पोपडे हाताला लागत होते. सीडी शिवणयंत्राच्या खणात, बटणांच्या डब्याखाली, बिनकव्हरची. भाऊजींनी ती पुसून लावली.

आणि ती लागली. शिंपीणबाईंचे वडील अंगणात आले, सदऱ्याची बाही खाली ओढली, कॅमेऱ्याकडे बघून लाजले आणि म्हणाले, काय करू, चालू का नुसता? आणि नुसते चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. शिंपीणबाई गळ्यात टेप तशीच ठेवून खाली बसल्या. वहिनींच्याही डोळ्यांना पाणी आलं, पण त्यांचं लक्ष भाऊजींकडे गेलं. भाऊजी पडदा बघतच नव्हते. वही उघडून त्या सीडीच्या मागचा आणि पुढचा नंबर बघत होते. मागची सीडी हेडमास्तरांची, पुढची कुणा दुसऱ्याची. एकाच खोक्यातला माल, एकाच आठवड्यात केलेला. फरक एकच होता. हिला लेबल नव्हतं.

हे मनात घेऊन ते कालव्याच्या रस्त्याला लागले होते.

ऊन चढलं होतं. कालव्याला पाणी नव्हतं, तळाशी हिरवट चिखल आणि कुणाची तरी एक चप्पल. वहिनींनी काहीतरी बोलायचं म्हणून मोठ्या डिस्कची आठवण काढली. ती अजून आहे का हो? भाऊजींनी मान हलवली. आहे. मालकाने दुकान बंद करताना दिली होती. तिलाही आतून तपकिरी डाग पडलेत. लावायला यंत्रही नाही जगात कुठे आसपास. "तरी मी हात धुऊनच घेतो बघा हातात," ते म्हणाले.

वहिनी मनाशी हिशेब मांडत होत्या. एक नंबरचं लेबल. ते तर सगळ्यात आधीचं, सगळ्यात हौसेचं. नुसतं लिहून थांबल्या नव्हत्या, कडेने वेलबुट्टी काढली होती. साध्या गोंदाने ते बसेना म्हणून भाऊजींनी नंतर दोनदा सोल्युशन फासलं होतं. त्यांनी पदराने घाम पुसला.

चौथं घर नर्सबाईंचं. त्या आणि त्यांची जुळी बहीण, दोघींनी एका समारंभात गाणं म्हटलं होतं. बहीण जाऊन अकरा वर्षं झाली. सीडी फिरली, थांबली, फिरली. पाटी आली. भाऊजींनी काढून पुन्हा पुसली, पुन्हा लावली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा नर्सबाईंनी त्यांच्या हातातून ती घेतली, जशी पेशंटच्या नातेवाइकाच्या हातातून एखादी वस्तू हळूच काढून घ्यावी तशी.

"मी कॅसेट परत मागितली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात, तिचं काय करणार आता."

भाऊजी म्हणाले, हो, म्हणालो होतो.

नर्सबाईंनी सीडी छातीशी धरली आणि दार लावलं. आवाजही होऊ दिला नाही.

वहिनींनी वहीत त्या नंबरापुढे फुली मारली, कारण भाऊजी बंद दाराकडेच बघत उभे होते. वहीत आता एकच नंबर उरला होता, आणि ते घर परतीच्या वाटेवरच होतं. दोन मैल असेल. वाटेत भाऊजींनी दुकानाचा विषय काढला. म्हणाले, पुढच्या आठवड्यात फळ्या काढून टाकतो दुकानातल्या. जागेला गिऱ्हाईक आलंय. वहिनी म्हणाल्या, त्या फळ्या यांनी ठोकल्यात. भाऊजी म्हणाले, म्हणूनच निघत नाहीयेत, दोन सुतार हात टेकून गेले.

घरात शिरल्यावर वहिनींनी पाय धुतले. भाऊजी उंबऱ्याशीच उभे. वहिनी देवाच्या फळीशी गेल्या, दिव्यामागे कापडात गुंडाळलेली सीडी काढली. सहा वर्षं त्यांनी ती बघितली नव्हती. घरातला प्लेअर बिघडला, मग टीव्ही बदलला, मग भाऊजींकडे जाऊन लावू म्हणता म्हणता राहिलं. पण ती तिथे आहे हे रोज दिवा लावताना कळत होतं आणि तेवढं पुरत होतं. अकरा मिनिटांची सीडी. हे दुकानाच्या फळ्या ठोकताहेत, तोंडात खिळे, रंधा मारल्यावर फुंकर मारतात, आणि मग खिळे काढून म्हणतात, अगं ए, चहाचं काय झालं? कोपऱ्यातून वहिनींचाच आवाज येतो, येतोय. मग हे कॅमेऱ्याकडे वळून म्हणतात, बंद कर रे ते, तुझ्यापायी खिळा दिसत नाही मला. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. फोटो आहेत पंचवीस. आवाज एवढाच.

त्यांनी सीडी भाऊजींच्या हातात दिली. वेलबुट्टी जशीच्या तशी होती. भाऊजींनी ती उजेडासमोर धरली नाही. मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, पुसले, कडेने धरून प्लेअरमध्ये ठेवली, झाकण लावलं.

घरघर झाली. थांबली. पुन्हा घरघर झाली, आणि एक क्षण पडदा निळा झाला. त्यात चौकोनी चौकोनी ठिपके आले, पिवळसर, लाकडाच्या रंगाचे. वहिनी पुढे वाकल्या. ठिपके तसेच गोठले, आणि पाटी आली.

"पुन्हा लावा," वहिनी म्हणाल्या.

भाऊजींनी पुन्हा लावली. सहा वेळा लावली. नंतर ठिपकेही आले नाहीत.

बाहेर कुणीतरी बादली ओतली. वहिनी बराच वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या आणि मनातल्या मनात यांचा आवाज शोधायला लागल्या. चहाचं काय झालं, हे शब्द सापडत होते. आवाज लागत नव्हता. त्यांच्याच स्वतःच्या आवाजात ते शब्द येत होते. मग त्या म्हणाल्या, दिव्याची धग लागली असेल, तिथे ठेवायला नको होती मी. भाऊजी म्हणाले, दिव्याने काही होत नाही, सोल्युशनने होतं. वहिनींनी कॅसेटचं विचारलं. यांची कॅसेट कुठे आहे?

भाऊजींनी तोंड फिरवलं. "सीडी केली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्यावर एक लग्न घेतलं. कुणाचं तेही आठवत नाही आता."

वहिनींनी कापड उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं, पुन्हा घातली. सीडी प्लेअरमधून काढून त्या घडीवर ठेवली. त्यांच्या मनात जे होतं ते तोंडात येत नव्हतं, आणि तोंडात आलं ते सवयीचं आलं.

"देवाच्या मनात असेल तसं होतं, भाऊजी. आपल्या हातात काय असतं?"

भाऊजी प्लेअरची वायर गुंडाळत होते ते थांबले. वायर हातातून सुटून जमिनीवर पसरली. त्यांनी ती उचलली नाही. खाली जमिनीवरच बसले, भिंतीला टेकून, आणि लहान भाऊ मोठ्या भावजयीकडे बघतो तसं वर बघितलं.

"वहिनी, एक मागतो. देवाला यात घेऊ नका. महिनाभर हिंडतोय, लोक चहा पाजतात, हसतात, फार तर दार लावतात. तुम्ही तरी तसं करू नका. भाऊजी, तुम्ही माझ्या नवऱ्याचा आवाज पुसलात, एवढं एकदा माझ्या तोंडावर म्हणा."